हातातला घोटा

कट्ट झालं. तिचा घोटा माझ्या दोनी हातात हुता आन आत कायतरी सरकलं, बोटांना कळलं माझ्या. वर आमच्याच तिघी पडलेल्या, माझं तोंड मॅटमधी दाबलेलं. आन ती बारामतीच्या टीमची पोरगी मान मागं वळवून बारीक आवाजात म्हणती, "ताई, सोड गं. पाय गेला माझा."

मी कबड्डीत डावी कॉर्नर. म्हंजी टोकाला उभं ऱ्हायचं, समोरची चढाईला आली की घोटा धरायचा, तिला मधल्या लाईनीपत्तोर जाऊ द्यायचं न्हाय. तिचा हात लाईनीला लागला तर तिला धरलेल्या आमी सगळ्या आऊट. ह्याच कामाचा मला पगार हाय, वर्षाच्या करारावर. सातवी शिकल्याली मी, दुसरं कोन पगार देतंय.

माझी पोरगी आठ म्हयन्याची झाली तवा परत खेळाय उतरले. वालचंदनगरला मॅच. आमचे कोच तात्या सकाळीच म्हणले, "आज पकड दाखव. न्हायतर करार दुसरीला." त्यात कडंला बसलेला एक म्हातारा, "ए बाळंतीण, पाळणा हलवाय जा."

"तुमचा रिकामा हाय का आबा? या मग, हलवते," आमची कॅप्टन सुरेखा म्हणली. लोकं हसली. मला हसू आलं न्हाय.

शेवटची चढाई, आमी दोन पॉइंटनं पुढं, आन तितंच त्यो घोटा माझ्या हातात आला.

आता चढाईवाल्या असं खोटं लय बोलत्यात, पकड ढिली व्हावी म्हणून. मला ठावं हाय. म्हणून मी धरूनच ठिवला. ती परत म्हणली, "ताई." आन माझी बोटं आपसूक उघडली.

पाय सुटल्यावर वरच्या तिघींना ती आवरना. सरपटत गेली, हात लाईनीला लावला. आमी चौघी आऊट, त्यांना चार पॉइंट. मॅच गेली.

तिला उचलून न्यावं लागलं. घोटा खरंच मोडला हुता.

तात्या वरडले न्हाईत. पाण्याची बाटली दिली. "का सोडलास?"

"ती बोलली, तात्या. सोड म्हणली."

"बोलली?" तात्या खालीच बसले. "अगं, चढाईत कबड्डी कबड्डी सोडून दुसरं बोललं की दम गेला. ती तितंच आऊट. पंचाला हाक मारायची. मॅच बी आपली, तिचा पाय बी सुटला असता."

"ध्यानात न्हाय आलं."

"धा वर्सं खेळतीस."

"व्हय."

करार दुसरीला गेला. मी आता राखीव, बोलावलं की जायचं. भ्या वाटलं की पाठ असल्याला नियम बी आठवत न्हाय, येवढं शिकले.

पर हाक मारायची तर तोंड मॅटमधनं वर काढाया पायजे, पंचाला ऐकू जायाला पायजे, आन तवर त्यो मोडका पाय आवळून धरायचा. तुमी धरला असता का?