पाच खेपा आणि एक

आमचं गाव आचऱ्याजवळचं. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळं गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जायचं. गावपळण. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. वेशीवरच्या व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी, नारळ ठेवला की मागे वळायचं नाही. ते तीन दिवस गाव आपलं नसतं, एवढंच मुलांना सांगितलं जायचं. मग कोणाचं, हे कुणी विचारलं तर तोंडावर हात.

मी सहावीत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. त्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर 'कंचेभागुबेव' लिहिलं होतं. कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. "गणित डावीकडून दिसतं तसं सोडवायचं नाही," ते म्हणाले होते. "आधी कुणाचा मान, ते बघायचं." आम्ही ते ओरडून पाठ केलं. पाठ झालं म्हणजे आलं, असं मला वाटायचं.

घरात आम्ही बारा जण. सामान आणि कोंबड्या सकाळीच शेजाऱ्यांच्या गाडीतून गेल्या होत्या. माणसांना काका त्याच्या एम-एटी फटफटीवरून आणत होता, मागे दोघं-दोघं बसवून. मी पहिल्या खेपेत आले आणि व्हाळापलीकडे, आमच्या तीन रात्रींपुरत्या झोपडीच्या वाटेवर बसून राहिले. प्रत्येक खेपेला कोण उतरलं, हे त्या गोंधळात कुणीच धड बघितलं नाही. दिवस कलला तेव्हा काकाने गाडी स्टँडला लावली आणि घाम पुसत मला म्हणाला, "मी एक. आणि पाच खेपा, दोन-दोन माणसां. किती झाली गो?"

एक आणि पाच सहा, सहा दुणे बारा.

"बारा!" मी ओरडले.

"शाबास! मास्तरीण होतलंस तू."

नारळ ठेवला गेला. वेस बंद झाली.

पानं वाढताना आईने विचारलं, "आते खंय?" आते म्हणजे बाबांची विधवा बहीण. आमच्यातच राहायची, आईबरोबर बाजारात मासळी विकायची. काका म्हणाला, "असतली पलीकडे, आपल्या चुलत बहिणीच्या झोपडीत. बारा झाली मां, मोजलेली आसत." तिला तशी सवय होतीच. सगळे जेवायला बसले.

मी पानाशेजारच्या मातीत बोटाने गणित मांडलं. गुणाकार आधी. पाच दुणे दहा. दहा आणि एक अकरा. मी ते हाताने पुसलं आणि भात कालवला.

का बोलले नाही? नारळ ठेवल्यावर मागे जायचं नसतं, आणि सांगितलं तर बाबा जातील, ही भीती होती. ती खरी होती. पण ती सगळी खरी नव्हती. 'मास्तरीण' हा शब्द माझ्या अंगावर अजून ओला होता. तो मला पुसायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी काजूच्या झाडाखाली शाळा भरवली. भर दुपार. वारा पडलेला. गावाच्या बाजूने आवाज आला: धप्, धप्. वायनात, भात कांडायच्या उखळात, मुसळ पडल्याचा. गुरुजींचा खडू थांबला. आमच्या वाडीच्या माडांवर धुराची एक सरळ काठी उभी होती.

"त्या आवाजाक कान देव नकात," कुणाची तरी आजी म्हणाली आणि जवळच्या पोरांना पदराखाली ओढलं.

मला एवढं बरं वाटलं की रडू येईलसं झालं. आते होती. भात कांडत होती, चूल पेटवत होती. मग शेजारची मैत्रीण माझ्या कानाशी कुजबुजली, "आयक. दोघां कांडतत."

मी ऐकलं. एक मुसळ वर जात होतं तेव्हा दुसरं खाली पडत होतं. मध्ये श्वासाएवढीही जागा नव्हती. एकट्या बाईला ते जमणारं नव्हतं.

गुरुजींनी लगेच मला उभं केलं. गणित तसंच होतं, आकडे वेगळे. मी बरोबर सोडवलं.

कौल मिळाल्यावर आम्ही परतलो. आते अंगणात होती, केसांना तेल लावून, वेणी घालून. "इलास? चला, हात-पाय धुवा." चुलीवर मोठ्या टोपात भात होता. काकाने विचारलं, तू कधी परत आलीस? तिला प्रश्नच कळला नाही. "मी तुमच्याच वांगडा होतंय मां," ती म्हणाली, म्हणजे आमच्यासोबतच.

गावाचा हिशेब सोपा होता. बारा मोजली गेली होती, म्हणजे ती वेशीबाहेर आली होती. आली होती, म्हणजे स्वतःच्या पायांनी मागे फिरली होती, देवाचा शब्द मोडून. माझं उत्तर तिच्याविरुद्धचा पुरावा झालं. देवळात तिच्याकडून दंडाचं पान ठेवून घेतलं, पण तेवढ्यावर भागलं नाही. बाजारात तिच्या पाटीतले बांगडे दुपारपर्यंत तसेच पडून राहायचे. बायका आईच्या पाटीशी वाकायच्या, तिच्याकडे पाठ करून. काही महिन्यांनी ती बाजारात जायची बंद झाली. कुठल्याच लग्नघरी तांदूळ निवडायला तिला बोलावणं आलं नाही. कुणी टोमणा मारला की ती एवढंच म्हणायची, "मी माझ्या माणसांत होतंय. माका ठाऊक आसा." आणि तिचा चेहरा खरंच शांत असायचा. इतका, की मला तिच्याकडे बघवत नसे.

मी डीएड केलं, मास्तरीण झाले. दोन हजार दहाच्या सुमारास सुट्टीत घरी आले होते. घरात आम्ही दोघीच. ती मागच्या पडवीत कोकमं फोडत होती, आणि मी तिला सगळं सांगितलं. खेपा, गुणाकार, मातीत पुसलेला अकराचा आकडा. "तू आमच्यात नव्हतीस, आते. तुला न्यायला कुणी आलंच नव्हतं. चूक माझी होती, आणि मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. निदान मला हलकं वाटेल, असं तर नक्कीच. तिने सुरी खाली ठेवली. लाल हात तसेच मांडीवर.

"फटफटी इलेली गो," ती हळूच म्हणाली. "मी मागे बसलंय. तुमी सगळी होतास. तू माझ्या बाजूक जेवलंस."

"नाही, आते."

तिच्या चेहऱ्यावरची ती शांतता माझ्यासमोर निघून गेली. गावाला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, ते मी एका दुपारी केलं.

"मगे माका न्हेवक इलेलो तो कोण?"

तिने तेच पुन्हा विचारलं, पण या वेळी माझ्याकडे न बघता, उघड्या मागच्या दाराकडे बघत.