ठकठक उस्तादची रोजची खोट

ठकठक उस्ताद सकाळी आंधी गाडीशी बोलत, मंग मानसायशी. हातात चाक खोलाची लोखंडी टॉमी घेऊन गाडीभवती फिरत आन समोर येईल ते ठोकत. टायर ठोकत, डिझेलची टाकी ठोकत, आन मी नवा म्हनून बोटानं माहं डोस्कंबी ठोकत. तिन्हीचा आवाज ऐकून सांगत, "हे भरलं हाय. हे अर्धं हाय. हे रिकामं हाय." तोंडावर समदे त्यायले उस्ताद म्हनत, पाठीमागं ठकठक.

वर्धेच्या भायेर ट्रान्सपोर्टच्या आवारात त्यायची गाडी उभी राहे. रुईच्या, म्हंजे कापसाच्या गठानी घेऊन नागपूरले जाची. मी सेलूकडच्या गावचा. शाळा मले मानवली नाई, शाळेले मी मानवलो नाई. गावात एकाचा ट्रॅक्टर चालवत होतो, तं त्यानं ट्रॅक्टरच इकला. मंग मोठ्या गाडीचं लायसन काढलं आन ट्रान्सपोर्टच्या शेठकडं आलो. शेठची दुसरी एक गाडी ड्रायव्हरविना उभी होती. शेठ म्हने, "उस्ताद 'दे' म्हनन तवा तुले स्टेअरिंग. नाई म्हनला तं तुहा रस्ता तुले मोकळा." इकडं बायकोनं आंधीच गावभर सांगून टाकलं होतं, नवरा ट्रकवर लागला म्हनून. म्हंजे वापस जाची सोय नोती.

पयल्या दिवशी बायकोनं देल्लेलं लिंबू-मिरची मी उस्तादच्या गाडीच्या बंपरले बांधलं, उदबत्ती फिरवली, हात जोडले आन चढलो. ॲक्सिलेटर दाबतो तं गाडी हालेना. आनखी दाबला. धूर निघाला, गाडी तिथंच. मी खिडकीतून मुंडकं काढलं. "उस्ताद, गाडीत ताकद नाई जी!"

"ताकद हाय बे ट्रॅक्टर," उस्ताद म्हनले. "चाकापुढं धोंडाबी हाय. तो काढाचं लिंबाचं काम नाई, तुहं हाय."

आवारातले पोट्टे जेवनापर्यंत हासत होते. मीबी हासलो, नाई तं एकटाच पडलो असतो.

उस्तादची शिकवाची रीत अल्लग होती. रोज सकाळी ते सोताच गाडीत एक खोट करून ठेवत. कवा बल्ब काढत, कवा नट ढिला करत, कवा रेडिएटरचं टोपन उघडं ठेवत. मंग म्हनत, "हुडक. सापडल्याबिगर च्या नाई." मी इतका उपाशी राह्यलो का बायको म्हने, तुमी ट्रक चालवता का ढकलता?

एकदा मी गाडीखाली जाऊन आलो, वर जाऊन आलो, काईच सापडंना. थकून बाजूच्या आरशात पाहून केसं इंचरले आन म्हटलं, "आज समदं ठीक हाय जी."

"त्या आरशात तुले काय दिसलं?"

"मी."

"मंग मागून येनारा काय देवाले दिसन?"

आरसाच फिरवून ठेवला होता त्यायनं. त्यायचं एक बोलनं होतं, "गाडी आंधीच सांगत असते बे. आपुन च्या पीत असतो."

मंग तो थंडीतला दिवस आला. ब्रेकात हवा भराची म्हनून इंजिन थोडं चालवून बंद केलतं. उस्ताद ठोकत ठोकत एक चक्कर मारून आले आन म्हनले, "हुडक." मी कायचा हुडकतो! माह्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी पडली आन घरंगळत मागच्या चाकाच्या आत गेली. ती काढाले मी पोटावर सरकलो, तं कानाजवळ सूं सूं आवाज. ब्रेकच्या पाइपातून हवा सुटून राह्यली होती.

"सापडली! उस्ताद, तुमची खोट सापडली!"

उस्ताद वाकून म्हनले, "कायची? पाइपाले मी हात नाई लावला."

"मस्करी करता काय जी."

ते माह्या बाजूले मातीत आडवे झाले. कान पाइपाजवळ नेला. "कुठं हाय आवाज?"

"हा काय. शिटी वाजून राह्यली."

त्यायनं बोट थुक्यानं ओलं केलं आन पाइपावर धरलं. बोटाले हवा लागली. बोट तिथंच राह्यलं.

"आत्ता मी इथूनच गेलो," ते म्हनले.

"आवारात कल्ला लय हाय जी."

"कुठं हाय कल्ला?"

कोनीच बोलत नोतं. लांब एक कुत्रं तेवढं खाजवत होतं.

"म्हंजे कवापासून मी नुसताच ठोकत होतो," उस्ताद म्हनले आन कपडे न झटकता उठले.

तसेच शेठकडं गेले. "शेठ, पाइप बदला. आन ड्रायव्हरबी."

मले वाटलं, गेली नौकरी. मी मुकाट्यानं माही पिशवी उचलली. उस्ताद मागं वळून म्हनले, "तू कुठं चालला? मले म्हनून राह्यलो. गाडी याले द्या शेठ."

मी म्हटलं, "मी हुडकलं नाई जी. खर्रा पडला म्हनून..."

"कायच्यानंबी वाकला, वाकला तं. मी वाकूनबी काय फायदा?"

मले दुसरी गाडी पाह्यजे होती, भेटली त्यायची. त्या दिवशीची त्यायची खोट तं मले सापडलीच नाई. मागच्या लाल दिव्यावर भाकरीएवढा चिखल थापला होता. तो त्यायनं सोताच पुसला.

पाइप बदलल्यावर गाडी भरली. उस्तादचं गाव रस्त्यावरच होतं, म्हनून तेबी बसले, पन क्लीनरच्या बाजूले. त्या बाजूनं कसं चढाचं हे त्यायले उलीसं आठवा लागलं. सेलूकडं निघालो. मी ब्रेक दाबला का बाजूले त्यायचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबल्या जाये. प्रत्येक खेपेले माह्या आंधी.

एका गावाजवळ त्यायचा पाय पडला आन माहा पडलाच नाई. गतिरोधक मले दिसलाच नोता. गाडी उडाली, आमी दोघंबी टपाले लागलो. मी म्हटलं, आता शिव्या.

उस्तादनं चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आन खिडकीतून तुरीच्या वावराकडं पाहत राह्यले. पुढचा गतिरोधक मले लांबूनच दिसला.