वरातीची चाकं

पडदा वर जातो. हातखंब्याच्या नाक्यावर सखाराम पाष्टे यांचं टायरचं दुकान आणि दारात दर्शनची निळी स्पोर्ट्स सेडान. बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आलेल्या दर्शनला स्वतःच्या लग्नाच्या वरातीसाठी एकोणीस इंची, रुंद चाकं हवी होती.

सखारामभाऊंचा तीस वर्षांचा नेम होता, घरची माणसं गाडीत बसवल्याशिवाय माप ठरवायचं नाही. त्यांनी नमुन्याची चाकं चढवली, मागच्या सीटवर दर्शनची आई, मावशी आणि आत्या यांना बसवलं आणि गाडी गतिरोधकावरून नेली. मागचे टायर मडगार्डला करकरून घासले.

"सतरा इंची घे रे," ते म्हणाले.

"भाऊ, मग वरातीत शोभा ती काय राहिली?"

सखारामभाऊंनी मागच्या तिघींकडे सावकाश पाहिलं.

"बरं, एकोणीसच लावतो. या तिघी एसटीनं येतील. तेवढं तू त्यांना सांग."