मचाणावरून दिसलेली वाघीण

कल्याणात माझं सुतारकामाचं दुकान होतं. आगगाडी आपल्याकडे येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. ठाण्याच्या एका गोऱ्या साहेबाला शीळच्या डोंगरात शिकार करायची होती. मचाण बांधायला त्याने मला बोलावलं. पायथ्याच्या गावातली गुरं एक वाघीण उचलत होती, त्यामुळे गावकरीही साहेबाची वाट बघत होते.

दुपारी मी झाडावर एकटाच फळ्या ठोकत होतो. गावचा पाटील माणसं घेऊन वासे आणायला खाली गेला होता. ठोकणं थांबवून घाम पुसला, तर पाणवठ्यावर वाघीण. मागचा एक पाय ती टेकत नव्हती. पाणी पिता पिता थबकली, मान वळवून तिने वर पाहिलं. ओरडावं हे मला सुचलंच नाही. मग ती लंगडत करवंदीच्या जाळीत शिरली.

पाटील आल्यावर मी काहीच बोललो नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही. साहेब दोन दिवस बसला आणि हात हलवत परत गेला. आठवड्याभरात पाटलाचीच गाभण म्हैस गेली. ते कानावर आल्यापासून मला चैन पडेना. जेवताना, रंधा मारताना ती वळलेली मान समोर येई. बायकोने अंगारासुद्धा आणून लावला.

पुढे पाटील दुकानात आला. गावाच्या वेशीवर बसवायला सागाचा वाघदेव हवा होता. असे वाघदेव मी पूर्वी केले होते, समोर तोंड आणि वाटोळे डोळे. आता हात तसा चालेना. तीन फळ्या वाया गेल्या. चौथीवर मी मान वळवलेली, पाय उचललेली वाघीण कोरली.

पाटलाने ती बराच वेळ न्याहाळली. वाघिणीचे तीन पायांचे ठसे सगळ्या गावाने पाहिले होते, पण माझ्याशी ते कुणी बोललं नव्हतं. त्याने उचललेल्या पायावर बोट ठेवलं.

“तू तिला पाहिलीस.”

“होय पाटील. त्याच दुपारी.”

“आणि बोलला नाहीस.”

त्याने फळी घोंगडीत गुंडाळली आणि बैलगाडीत ठेवली. पुन्हा तो दुकानाची पायरी चढला नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघाला पुजायच्या वाघबारशीला गावकरी तिला शेंदूर लावतात, असं ऐकतो. बघायला म्हणून मी दोनदा निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परतलो.