फणस, तेल अन् उंदराची किडनी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कच्चा फणस चिरणं. बायको चिरत होती, मी मधेमधे तिच्या हाताला तेल लावून देत होतो. तेल नसलं की फणसाचा चीक बोटं सोडत नाही.

तेवढ्यात पोरगी कॉलेजातल्या लॅबमधून आली, तोंड फुगवून. ती उंदराच्या किडनीचे पातळ काप काचेवर घेते अन् त्यावर चमकणारी अँटिबॉडी टाकते. दुखणं असेल तेवढीच जागा हिरवी दिसायला पाहिजे. हिचा अख्खा कापच चमके, मंगल कार्यालयासारखा.

"काहून वं, आधी तेल नाही लावलं काय?" बायकोनं विचारलं.

"लावते न आई. तेल नाही, सीरम. रिकाम्या जागा त्यानं भरल्या की अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. आज सीरम जास्त वेळ ठेवलं, अँटिबॉडीबी पातळ केली."

"तुह्या बाबाले लाव ते सीरम. कुठंबी चिकटतात, बारशाले गेले तरी उठत नाहीत."

"अन् तू वं?" मी म्हटलं. "कोथिंबीर आणाले जाते अन् भाजीवाल्याच्या सुनेचं बाळंतपण ऐकून येते!"

पोरगी हसली. काप रात्रभर लॅबच्या फ्रीजमध्ये, ओल्या डब्यात राहणार होते. सकाळी वेळेवर धुतले नाहीत, वाळले, तर पुन्हा सगळंच चमकणार. अन् उरलेले काप तेवढेच.

"सकाळी लवकर उठव मले, आई."

"उठवीन."

सकाळी बायकोच उठली नाही. झोपेतच गेली.

घर माणसांनी भरलं. साळा सावनेरहून यायचा होता, तोवर तिला न्यायचं नव्हतं. पोरगी आईच्या पायाशी बसून रडे अन् घड्याळ पाहे.

मी म्हटलं, "चाल, काप धुऊन येऊ."

"बाबा, आज?"

"आजच. मामा येईपर्यंत तुही आई कुठं नाही जात."

माझी बहीण खेकसली, "लाज वाटते काय गा तुले?"

"वाटते. पण काप वाळून राहिले."

स्कूटर काढली.

पोरीनं काप हलक्या हातानं धुतले, पाणी बदलून पुन्हा धुतले. मी दाराशी उभा. मग अंधाऱ्या खोलीत तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला अन् बाजूला सरकली.

"बाबा, तुमी पाहा."

पाहिलं. सगळं काळंभोर, अन् मधी बारीक हिरवी वेटोळी.

"असंच पाहिजे होतं काय?"

तिनं मान डोलावली.

"मग फोटो काढ लवकर. मामा पोचला असल," म्हटलं, अन् खाली जाऊन स्कूटर घराकडं वळवून ठेवली.