राजासाठीची प्रार्थना

अगं ये, अशी जवळ बस. सहा महिन्यांनी आजीची आठवण झाली होय? आणि आल्या आल्या सांगतेस काय, तर कॉलेजात कुणी म्हणालं, आपण ख्रिस्ती म्हणजे साहेबाची माणसं होतो! आणि तू ऐकून घेतलंस? मग आता माझंही ऐक.

माझे बाबा ठाण्यात शाळामास्तर. अंगात कायम खादी. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना तेच वाचायचे. पुस्तकात इंग्लंडच्या राजासाठीही एक प्रार्थना छापलेली. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी बाबांनी ती गाळली. पाद्रीसाहेब गोरा. त्याने सगळ्यांदेखत सुनावलं, "राजासाठी प्रार्थना नाही, तर प्रभुभोजनही नाही." पुढे कितीतरी महिने, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांना वाटायच्या त्या भाकरीचं ताट बाबांना वगळून पुढे जायचं. आई पदरात तोंड घालून रडायची. बाबांनी एक रविवार चुकवला नाही. मला वाटायचं, ते ताटच उडवून द्यावं!

मग साहेबाचं राज्य गेलं. चर्चमध्ये आपला मराठी पाद्री आला, बाबांना पुन्हा भाकर मिळू लागली. शाळेत झेंडा लागला, त्याची दोरी बाबांनीच ओढली. पण त्यानंतर हेडमास्तरांनी भारतमातेच्या तसबिरीपुढे आरती ठेवली. एकेक मास्तर ओवाळत होता. बाबांनी ताट हातात घेतलं आणि न ओवाळता शेजारच्याला दिलं.

"काय मास्तर, साहेब बोटीत बसला, तुम्ही मागे कसे राहिलात?" हेडमास्तर म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. ज्याचे बापजादे इथल्या मिठागरात झिजले, त्याला हे विचारायचं!

बाबा एवढंच म्हणाले, "देशासाठी जीव मागा, देतो. आरती तेवढी मागू नका."

महिन्याभरात बदली. थेट आडगावी, मोहन्याला.

बदलीचा कागद आला त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत बाबांनी कुणासाठी मागावं? हेडमास्तरांसाठी. आणि इंग्लंडच्या राजासाठी!

मी ओरडलेच, "बाबा, त्याच्यासाठी? त्याच्यापायी तर तुम्हाला भाकर नाकारली!"

"तेव्हा हुकूम होता गं. आता माझ्या मनाने करतोय. तूही आमेन म्हण."

आईने आमेन म्हटलं. मी नाही म्हटलं. म्हातारी झाले, तरी ते हसणं आठवलं की डोकं भणभणतं, आणि आमेन काही म्हणवत नाही. बाबांचं एवढं एकच ऐकायचं राहिलंय माझ्याकडून. तू पुन्हा लवकर ये, मुक्कामालाच ये. दोघी मिळून ते आमेन म्हणून बघू, जमतंय का ते.