मागच्या दिव्याचा अर्थ

देवीवर रागावलेल्या माणसानं स्वतःला देवीचा भक्त म्हणवून घ्यावं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तो राग लपवून ही हकिगत लिहिली तर ती खोटी होईल. नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. एका संध्याकाळी आमच्या जुन्या फियाटला नेवाशाच्या पुढं एका टेम्पोनं मागून धडक दिली. माझे मागचे दिवे बंद होते आणि मागच्या सीटवर माझी पत्नी बसली होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण त्यानंतर ती कुठल्याच गाडीत बसेना. बेलापूरहून श्रीरामपूरच्या बाजाराला ती पायी जायची आणि मी शरमेनं मान खाली घालून घरी बसायचो.

म्हणून मी गाडीला मागचे दिवे नवे बसवले, तेही साधे नव्हेत. तेव्हा नुकतेच एलईडीचे, बारीक लाल मण्यांचे दिवे आले होते. दुकानदार म्हणाला, ह्यात बल्बच नाही, तर उडणार काय? दिवे झगझगीत होते यात शंका नाही. मी दर पौर्णिमेला त्यांची पूजा सुरू केली. लोक गाडीच्या पुढं नारळ फोडतात. आमच्यावर संकट मागून आलं होतं, म्हणून मी मागं फोडायचो. मोहटादेवीचं नाव घ्यायचं, नारळाचं पाणी दोन्ही दिव्यांवरून सोडायचं, वर हळदकुंकू लावायचं. यात मी एकदाही खाडा केला नाही.

आणि दोन महिन्यांत दिवे बिघडले. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मान टाकायचा. श्रीरामपूरच्या एका वायरमननं बॅटरी बदलायला लावली. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकानं ब्रेकखालचं बटण बदललं आणि वर मलाच ऐकवलं की असली फॅन्सी खेळणी जुन्या गाडीला लावू नयेत. मी खेळणं म्हणून लावलं होतं का? प्रत्येकजण थोडी हलवाहलव करायचा, दिवे काही दिवस नीट लागायचे, पौर्णिमा झाली की पुन्हा जायचे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः पेटलो. मी पूजा करतो म्हणून दिवा जातो? हा कुठला न्याय? कुठं काही चुकलं असेल म्हणून मग मी अमावास्येलाही नारळ फोडायला लागलो, पण मनातून देवीशी माझं भांडण सुरू झालं होतं.

अशात शेवगावहून निरोप आला की सासूबाईंनी अन्न सोडलंय आणि लेकीचं नाव घेतायत. पत्नीनं संध्याकाळपर्यंत प्रवासाची पिशवी भरली. मग म्हणाली, "मी येते गाडीत. पण मागं उभी राहून आधी दिवा बघीन. वाटंत गेला तर उतरीन, मग मला बस म्हनायचं न्हाई." निघायच्या आदल्या दिवशी मी दिवे पुन्हा दुरुस्त करून आणले. सकाळी धसका घेऊन एकाऐवजी दोन नारळ फोडले. तिनं दिवा लागलेला पाहिला, हात जोडले आणि बसली.

नेवासं ओलांडल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. मागं जाऊन म्हणाली, "दाबा ब्रेक." मी दाबला. "अहो, दाबा ना." मी दाबूनच धरला होता. ती कडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. पुढं शेवगाव, मागं घर, आणि ती कशातच बसणार नाही. भर दुपारी रस्त्यात उभं राहून मी देवीला काय काय बोललो ते लिहिता येण्यासारखं नाही. तुला काय कमी केलं, एवढंच शंभर प्रकारे विचारत होतो.

तेवढ्यात मोपेडवरून चाललेला एक चाळिशीचा माणूस आपणहून थांबला. "काय झालं, काका?" मी खेकसलो, "देवीचा कोप झालाय." तो शांतपणे म्हणाला, "त्यातलं मला न्हाई कळत. मी जयभीमवाला मानूस. पन वायरिंग कळतं, नागापूरला कंपनीत तेच करतो." त्यानं डिकी उघडली, मला ब्रेक दाबायला लावला, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "काका, ह्याला अर्थच न्हाई."

माझा तोल सुटला. "माझ्या भक्तीला अर्थ नाही? वर्षभर एक पौर्णिमा चुकवली नाही मी. तुम्ही कोण ठरवणार?"

त्यानं दिव्याकडं बोट केलं. "भक्तीला न्हाई वो. दिव्याला. अर्थिंग, अर्थिंग." मग त्यानं मला वाकून बघायला लावलं. दिव्यात आलेला करंट एका बोल्टावाटे गाडीच्या पत्र्यात परत जातो. तीच वाट बंद झाल्यामुळं तो शेजारच्या दिव्यात घुसत होता. बोल्टावर हिरवट, चिकट थर चढला होता. त्यानं तो नखानं खरवडला. "पावसाचं न्हाई हे. हितं कशाचं पानी पडतं?"

"नारळाचं," मागून आवाज आला. पत्नी लिंबाखालून उठून आली होती.

त्यानं पॉलिश पेपरनं बोल्ट आणि पत्रा लख्ख घासला, एक जादा वायर थेट पत्र्याला जोडली. दिवे लागले. पण पत्नी दाराशी घुटमळत होती. त्यानं ते ओळखलं. "मावशी, बसा तुमी. मला तिकडंच जायचंय, मागं मागं येतो. दिवा गेला तर हॉर्न वाजवीन." ती बसली. शेवगाव येईपर्यंत मी आरशात त्यालाच बघत होतो. हॉर्न एकदाही वाजला नाही. वेशीपाशी त्यानं हात केला आणि तो आपल्या वाटेनं गेला.

मी वर्षभर देवीला म्हणत होतो, आमच्या मागं उभी राहा. त्या दिवशी मागं जो होता तो तिला हात जोडत नाही, आणि त्याला चमत्कार म्हटलेलं खपणारही नाही. म्हणून मी त्याचं नाव लिहीत नाही. पण मला जे मिळालं ते मी कृपाच मानतो. मी वाट मागत होतो आणि मीच रोज जाब विचारत ती वाट बुजवत होतो. शरण जायचं म्हणजे पूजा वाढवायची नसते, आपलं कुठं चुकतंय हे दुसऱ्याकडून ऐकून घ्यायचं असतं, एवढं मला उशिरा कळलं. आता देवीपुढं उभा राहतो तेव्हा हिशेब मांडत नाही. बहुतेक वेळा गप्पच असतो.

सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं, "कशी आलीस गं?" ही म्हणाली, "गाडीत बसून आले, आई." त्यानंतर चार दिवस त्यांनी हिच्या हातची पेज घेतली. पाचव्या दिवशी त्या गेल्या, तेव्हा त्यांचं डोकं हिच्या मांडीवर होतं.